गरोदरपणातला ताप अंगावर काढू नये
(केंदूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



गरोदर बाईला सर्दी-ताप आला की घरातले उत्तर ठरलेले असते : "थंडी बाधली असेल, होईल दोन दिवसांत बरं." मग आल्याचा काढा होतो, वाफ होते. त्याला हरकत नाही. पण पुष्कळदा त्या दोन दिवसांतच आई आणि बाळाचे भवितव्य ठरते.

१९१८ साली इन्फ्ल्युएंझाची साथ मुंबई बंदरातून आत शिरली आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. त्या वर्षीचे मुंबई शहरातले मृत्यू सरकारने जातवार नोंदले होते. युरोपियनांत हजारी सुमारे ८, सवर्ण हिंदूंत सुमारे १९ आणि सरकारी कागदाने ज्यांना 'हलक्या जातीचे' म्हटले, त्यांच्यात हजारी ६१! विषाणूला जात कळत नाही. एका खोलीत किती माणसे झोपतात, पोटात अन्न किती, आजाऱ्याजवळ बसायला कोण आहे, यावर मरण ठरले. त्या साथीत गरोदर स्त्रिया फार दगावल्या, आणि पुढच्या वर्षी जन्मही घटले.

हे जुने झाले म्हणावे, तर २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाईन फ्लूने देशातला पहिला बळी आपल्या पुण्यातच घेतला. त्या साथीत अमेरिकेत गरोदर स्त्रिया लोकसंख्येच्या सुमारे १ टक्का होत्या, पण मृतांत सुमारे ५ टक्के. पुढे कोरोना आला. मुंबईच्या नायर रुग्णालयात पहिल्या लाटेत बाधित गरोदर व बाळंत स्त्रियांपैकी शेकडा ०.७ दगावल्या; २०२१ च्या दुसऱ्या लाटेत हे प्रमाण ५.७ वर गेले.

असे का होते? दिवस भरत येतात तसे गर्भाशय छातीखालच्या पडद्याला वर ढकलते. फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते आणि प्राणवायूची गरज मात्र वाढते. हृदयावरही ताण असतोच. अशात फुप्फुसाला सूज आली की बाई झपाट्याने खालावते. फ्लूचा विषाणू नाळेतून बाळापर्यंत क्वचितच जातो. बाळाला इजा होते ती आईच्या तापाने आणि तिला प्राणवायू कमी पडल्याने. मग अपुऱ्या दिवसांचे, कमी वजनाचे मूल जन्मते, कधी पोटातच जाते.

म्हणून ताप आला की त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे आणि आपण गरोदर आहोत हे आधी सांगावे. फ्लूवरची ऑसेल्टामिविर ही गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर उत्तम गुण देते, आणि ती गरोदरपणी चालते. तापाला पॅरासिटामॉल चालते; दुकानातून आणलेली इतर दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय घेऊ नये. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर पडणे, भोवळ येणे, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नये.

आणि हा निर्णय सासूबाईंचा किंवा नवऱ्याचा होऊन बसतो, म्हणून हे मी समोर बसलेल्या पुरुषांनाही सांगतो आहे. कांदाकाढणीत खाडा पडला तर मजुरी बुडते, म्हणून बाई तापातही वाफ्यात बसते. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाआधी आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे बाबासाहेबांनी मांडले होते. ते विधेयक कारखान्यातल्या बायकांसाठी होते. शेतमजूर बाईची रजा घरानेच द्यायची आहे.

फ्लूची लस गरोदरपणी घेता येते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने गरोदर स्त्रियांना स्वाईन फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात केली होती. आपल्या केंद्रात ती आहे का, हे नर्सताईंना विचारा. सहा महिन्यांच्या आतील बाळाला ही लस देता येत नाही. आईने घेतली तर तिच्या रक्तातली प्रतिकारशक्ती नाळेतून बाळाला मिळते.

बाळंतिणीला सर्दी-खोकला झाला म्हणून पुष्कळ घरांत बाळाला अंगावरचे दूध तोडतात. तसे करू नये. हात साबणाने धुऊन, तोंडाला स्वच्छ कापड बांधून आईने पाजावे. खोकणाऱ्या पाहुण्यांनी मात्र बारशालाही बाळाजवळ येऊ नये, राग आला तरी चालेल. आणि बाळ दूध ओढेनासे झाले, बरगड्या आत ओढून श्वास घेऊ लागले, तर अंगारा-धुपारा न करता तडक दवाखान्यात न्यावे.