खरी पेटी आणि गणिताची पेटी

तांबड्या भिंतीजवळ पांढरा ठोकळा ठेवला, की त्याच्या त्या बाजूवर तांबूस झाक उतरते. संगणकाने रेखाटलेल्या चित्रात ही झाक योग्य प्रमाणात उतरली की नाही, हे ठरवावे कसे? चित्र सुंदर दिसणे हा काही पुरावा नव्हे.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात डोनाल्ड ग्रीनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली एका भिंतीवरून दुसरीवर परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे गणित मांडले. त्याच्या पडताळ्यासाठी पुढून उघडी अशी एक साधी पेटी योजिली. पुढे रूढ झालेल्या तिच्या रूपात डावी भिंत तांबडी, उजवी हिरवी, बाकी सर्व पांढरे आणि छताला एकच दिवा असतो.

१९८६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पेटीतील प्रकाश उपकरणांनी मोजून गणिताशी ताडून पाहण्यात आला. नंतर खरी पेटी आणि संगणकाचे चित्र, दोन्ही कॅमेऱ्यांतून शेजारी शेजारी प्रेक्षकांना दाखविण्यात आली. खरी कोणती, हे सांगताना प्रेक्षकांची उत्तरे निव्वळ अंदाजापेक्षा सरस ठरली नाहीत!

मात्र त्या पेटीतील पृष्ठभाग चकाकी नसलेले होते. घासूनपुसून लखलखीत केलेल्या पितळी घागरीचा हिशेब त्या गणितात बसत नव्हता.