माडीवरची बैठक आणि रस्त्यावरचा उत्सव

(नाशिक येथील एका व्यायाम मंडळाच्या सभासद-नोंदणी सप्ताहाच्या पूर्वतयारी बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



नवे सभासद मिळवण्यासाठी कोणते कार्यक्रम घ्यावेत, हा आजच्या बैठकीचा विषय आहे. मंडळाची हजेरीवही मी मघाशी चाळली. सकाळच्या वर्गाला येणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण पन्नाशी ओलांडलेले आहेत. हे असेच चालले तर आणखी दहा वर्षांनी या आखाड्याला कुलूप लावायला तरी कोणी उरेल का, ही चिंता तुमच्याप्रमाणे मलाही आहे.

अशा कार्यक्रमांचा माझा स्वतःचा अनुभव आधी सांगतो. तरुणपणी मी ज्या संस्थेत होतो, तिथे आम्ही एका कोजागिरीला मोठा मेळावा घेतला. मसाला दूध होते, गाणी होती, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. वहीत चाळीसेक नावे आली. आम्ही हरखून गेलो. महिन्याभराने त्यांतील तीन जण येत होते, आणि त्यांतला एक दुधाचा हिशेब मिटवायला येत होता! त्या वेळी आम्ही लोकांना दोष दिला. चूक आमची होती, हे पुढे याच गावाचा इतिहास वाचताना ध्यानात आले.

तिळभांडेश्वराच्या बोळातून आपण नेहमी जातो. नोव्हेंबर १८९९ मध्ये सोळा वर्षांच्या विनायक सावरकरांनी त्र्यंबकराव म्हसकर आणि रावजी कृष्ण पागे या वयाने मोठ्या सहकाऱ्यांसह ‘राष्ट्रभक्त समूह’ नावाची गुप्त संस्था स्थापन केली. संस्था गुप्त, सभासद अवघे तीन. आता चौथा आणायचा कसा? गुप्त संस्थेला दारावर पाटी लावता येत नाही, आणि अनोळखी माणसाला एकदम मनातले सांगणे म्हणजे पोलिसांना आमंत्रण! या पेचातून १९०० च्या आरंभी ‘मित्रमेळा’ उभा राहिला. तो उघड होता. कोणीही यावे, बसावे, ऐकावे. त्याच्या आत, दिसणार नाही असे, मूळ मंडळ होते.

मेळ्याने शिवजयंती आणि गणेशोत्सव सार्वजनिक स्वरूपात केले. मिरवणुका निघाल्या, पोवाडे झाले. गाव जमले. परंतु उत्सवाला आलेला प्रत्येक जण आपला झाला, असे त्यांनी मानले नाही. उत्सवात ज्याचे डोळे चमकलेले दिसत, त्याला साप्ताहिक बैठकीला बोलावले जाई. तिथे इतिहासावर वा थोरांच्या चरित्रांवर चर्चा होई आणि नवख्यालाही बोलायला उभे केले जाई. त्या काळात प्लेगने नाशिक पोळत होते. सावरकरांचे वडील दामोदरपंत १८९९ मध्ये भगूरला प्लेगनेच गेले होते. मेळ्याची मुले प्लेगच्या घरांत जात, प्रेतांना खांदा देत. ज्या घराकडे शेजारी फिरकत नाहीत तिथे कोण येतो, हे एकदा कळले की त्या माणसाविषयी आणखी काही विचारायचे उरत नाही.

आणि आबा दरेकर! पुढे ‘कवी गोविंद’ म्हणून महाराष्ट्राने ज्यांना ओळखले ते हेच. ते पायांनी अपंग होते. लावण्या रचीत. मेळ्याच्या बैठका जिथे भरत तिथेच त्यांचा वास. आपल्या व्यायाम मंडळाचे पत्रक अशा माणसाच्या हाती कोणी दिले असते का? आपण त्यांना दारातच सोडले असते. मेळ्याने त्यांच्या पायांकडे पाहिले नाही, शब्दांकडे पाहिले. लावण्या लिहिणारा हात राष्ट्रीय पोवाडे लिहू लागला, आणि मग ते पोवाडेच पुढच्या वर्षीच्या उत्सवाला तरुणांना खेचून आणू लागले. आलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच त्याच्या हातचे काम मिळाले. माझ्या कोजागिरीत नेमके हेच राहून गेले होते. आम्ही चाळीस जणांना दूध दिले, काम एकालाही दिले नाही.

१९०४ मध्ये या संघटनेचे ‘अभिनव भारत’ असे नामकरण झाले. डोळ्यांपुढे मॅझिनीची १८३१ ची ‘तरुण इटली’ होती. १९०६ मध्ये सावरकर लंडनला गेले, तिथेही घडण तीच राहिली. बाहेर ‘फ्री इंडिया सोसायटी’च्या उघड सभा आणि आपल्या थोर पुरुषांचे उत्सव, आत निवडक लोकांची शपथ. इकडे नाशिकला बाबाराव सावरकरांच्या पत्नी येसूवहिनींनी ‘आत्मनिष्ठ युवती संघ’ चालवला. आपल्या नोंदणी सप्ताहाच्या आखणीत भगिनींसाठी एकही कार्यक्रम नाही, हे मला इथे बोलून दाखवले पाहिजे.

या गोष्टीची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला बरे वाटत नाही. १९०९ मध्ये राष्ट्रीय कविता प्रसिद्ध केल्याबद्दल बाबारावांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात जॅक्सनचा वध झाला, आणि नाशिकमध्ये धरपकडीचे सत्र सुरू झाले. कधी काळी केवळ पोवाडा ऐकायला म्हणून आलेल्यांच्या घरांवरही त्याची छाया पडली. एखाद्या आईच्या मुलाला ‘ये’ म्हणताना आपण काय अंगावर घेतो, हे त्या माडीवर बसलेल्यांना ठाऊक होते. आपल्याकडे आज तुरुंग नाही, सुदैवाने. तरीही पहाटे साडेपाचला पोराला पाठवणारी आई आपल्यावर विश्वास टाकते. त्याच्या गुडघ्याची, अभ्यासाची, संगतीची चौकशी करणारा कोणी इथे असेल, एवढे तिला दिसले पाहिजे.

तेव्हा माझी सूचना अशी. मल्लखांबाची प्रात्यक्षिके अवश्य ठेवा, मिरवणूकही काढा. पण वर्गणीचा अर्ज त्या दिवशी पुढे करू नका. नाव आणि पत्ता घ्या. आठ दिवसांच्या आत आपल्यातील दोघांनी त्या घरी जावे, चहा घ्यावा, आईवडिलांशी बोलावे. दोघांनी म्हणतो, कारण एकटा गेला की विसरतो. ज्याला घोषपथकात रस आहे त्याला ढोल द्या, ज्याचे अक्षर चांगले आहे त्याला फलक लिहायला द्या. दोन महिन्यांनंतर जे उरतील त्यांचेच अर्ज भरून घ्यावेत.

घरे कोणी वाटून घ्यायची, ते आजच ठरवू या. पंचवटीकडची दहा घरे माझ्याकडे द्या. माझ्याबरोबर कोण येतो?