शैलजाताईंचे सुवर्ण

(निमगाव केतकी, ता. इंदापूर येथे महिलांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



जगद्गुरू तुकोबारायांची पालखी ज्या गावी मुक्कामाला उतरते, त्या निमगाव केतकीला खेळाचे कौतुक वेगळे सांगावयास नको. बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्व धावतात, आणि त्याच वाटेवर साठी ओलांडलेल्या वारकरी माउली पदर खोचून फुगडी घालतात. त्यांना कोणी खेळू नका म्हणत नाही. घरातली मुलगी दहावीनंतरही मैदानावर जाऊ लागली की मात्र प्रश्न सुरू होतात. आजचा विषय अशा एका स्त्रीचा आहे, जी मैदानावर गेली आणि खेळण्याचे वय सरल्यानंतरही तेथेच राहिली. नाशिकच्या कबड्डी प्रशिक्षक शैलजा जैन यांचा.

२४ ऑगस्ट २०१८ हा दिवस आठवून पाहावा. जकार्ता येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत महिला कबड्डीचा अंतिम सामना होता. महिलांची कबड्डी या स्पर्धेत आली ती २०१० साली, ग्वांगझौ येथे. तेव्हा आणि २०१४ साली इंचिऑन येथे, अशी दोन्ही सुवर्णपदके भारतकन्यांनीच आणली होती. इंचिऑनला अंतिम सामन्यात इराणचा ३१-२१ असा पराभव झाला होता. जकार्तालाही समोर इराणच होता. आदल्याच दिवशी इराणच्या पुरुषांनी भारतीय पुरुष संघाला उपांत्य सामन्यात २७-१८ असे नमविले होते. १९९० पासून सलग सात वेळा सुवर्ण जिंकणारा संघ अंतिम फेरीलाच मुकला होता. साऱ्या आशा मुलींवर होत्या. पायल चौधरी कर्णधार होती, मुंबईची सोनाली शिंगटे संघात होती. मध्यंतरापर्यंत भारताकडे निसटती आघाडीही होती. उत्तरार्धात डाव फिरला आणि इराणने २७-२४ असा विजय मिळविला. डोक्यावर हिजाब बांधलेल्या त्या इराणी मुली आनंदाने रडत होत्या, आणि त्यांच्यात उभ्या होत्या त्यांच्या प्रशिक्षक, नाशिकच्या शैलजाताई.

त्या दिवशी अनेक घरांत एकच प्रश्न विचारला गेला. आपल्याच मातीतला खेळ, आपल्याच बाईने शिकविला आणि आपल्यालाच हरविले. हे योग्य झाले काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. देशावर प्रेम करणाऱ्या माणसाच्या मनात तो यावयासच हवा. पण उत्तर देण्याआधी शैलजाताईंचे आयुष्य पाहावे लागते.

त्या स्वतः कबड्डीपटू होत्या. पुढे महाराष्ट्र शासनाच्या क्रीडा खात्यात प्रशिक्षक म्हणून त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले. या काळाविषयी सांगण्यासारखे सारे काही वर्तमानपत्रांत आलेले नाही, कारण प्रशिक्षकाच्या कामाची बातमी होत नसते. पहाटे मैदान आखायचे. आलेल्या पंधरा मुलींपैकी पाच लग्न ठरले म्हणून गळाल्या, की नव्या पाच शोधायच्या. चवडा कसा धरावा, पट कधी काढावा, साखळी करताना पाय कोठे हवा, हे हजार वेळा दाखवायचे. राज्यातला प्रत्येक क्रीडाशिक्षक हे करतो. २०१४ साली त्या सेवानिवृत्त झाल्या. भारतीय संघाला शिकविण्याची संधी मिळावी, ही त्यांची इच्छा होती. ती मिळाली नाही, आणि त्याचे शल्य मनात होते, हे त्यांनी पुढे स्वतःच बोलून दाखविले.

येथे अमेरिकेतील एका बाईंची आठवण होते. पॅट समिट त्यांचे नाव. १९७४ साली, अवघ्या बाविसाव्या वर्षी, टेनेसी विद्यापीठाने मुलींचा बास्केटबॉल संघ त्यांच्या हाती दिला. खेळाडूंचे गणवेश धुणे आणि त्यांना नेणारी गाडी हाकणे हीसुद्धा त्यांचीच कामे होती. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये त्यांनी खेळाडू म्हणून रौप्यपदक मिळविले आणि १९८४ च्या लॉस एंजेलिसमध्ये आपल्या देशाच्या प्रशिक्षक म्हणून सुवर्ण. एकाच विद्यापीठात ३८ वर्षे, १०९८ विजय, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे. २०११ साली स्मृतिभ्रंशाचे निदान झाले, तरी आणखी एक हंगाम त्या मैदानावर उभ्या राहिल्या. २०१६ साली त्यांचे निधन झाले. दोघींच्या कर्तृत्वाची तुलना करण्याचे कारण नाही. एकीला तिच्या देशाने हाक मारली, दुसरीला परक्या देशाने, एवढाच फरक ध्यानात घ्यावा.

इराणचे बोलावणे आले तेव्हा शैलजाताईंनी साठी गाठली होती. परका मुलूख, परकी भाषा, परका धर्म. त्या शाकाहारी, म्हणजे जेवणाचाही प्रश्न. तरी त्या गेल्या. मुलींशी दुभाष्यामार्फत बोलून भागणार नाही, हे कळताच त्यांनी फारसी शिकावयास घेतली. कबड्डीत ज्याला आपण 'दम' म्हणतो, तो शब्द मूळचा फारसीच, आणि तेथेही त्याचा अर्थ श्वास. 'मैदान'ही तेथूनच आलेले. छत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरी हे दोन शब्द मराठीच्या अंगणात राहिले ते राहिलेच!

त्या दमासाठी शैलजाताईंनी इराणी मुलींच्या सरावात योगासने आणि प्राणायाम आणले. कबड्डीची चढाई म्हणजे एका श्वासाचे काम. श्वास ताब्यात नसेल तर मध्यरेषा हाताशी असूनही खेळाडू परतत नाही. यश लगेच आले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये इराणमध्येच, गोरगान येथे, आशियाई अजिंक्यपद स्पर्धा झाली. तेथे अंतिम सामना भारत आणि दक्षिण कोरिया यांच्यात झाला. यजमान इराणच्या मुली त्यात नव्हत्या. त्यानंतर नऊ महिन्यांत जकार्ता. सुवर्णपदकावाचून मला घरी पाठवू नका, असे त्यांनी मुलींना बजावले होते. भारत हरल्याचे दुःख झाले, पण प्रशिक्षक म्हणून आपला संघ जिंकावा हेच आपले काम होते, असेही त्यांनी सांगितले. दोन्ही भावना एकाच मनात राहू शकतात. मुलगी दिलेल्या घरचे भले चिंतणाऱ्या आईला हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता तो प्रश्न. आपल्या शासनाने १९८५ पासून उत्तम प्रशिक्षकाला द्यावयाच्या पुरस्काराला द्रोणाचार्यांचे नाव दिले आहे. महाभारतात द्रोणांनी धृष्टद्युम्नाला धनुर्विद्या शिकविली. हा आपल्या वधासाठी जन्मला आहे, हे त्यांना ठाऊक होते. तरी विद्या राखून ठेवली नाही. त्याच द्रोणांनी एकलव्याला मात्र दारातून परत पाठविले. आपल्या परंपरेने पहिल्या कृत्याबद्दल त्यांना दोष दिलेला नाही. दुसऱ्या कृत्याचा डाग अजून पुसलेला नाही. शैलजाताईंनी दारात आलेल्या मुलींना शिकविले. दोष शोधायचाच असेल तर तो त्या दारात नाही, आपल्या दारात शोधावा लागेल. ऑगस्ट २०१८ मध्येच दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय कबड्डी महासंघाच्या पदाधिकाऱ्यांची निवड रद्द ठरवून प्रशासक नेमला, एवढे सांगितले तरी पुरे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगझौ येथे भारतीय मुलींनी ते सुवर्ण परत आणले. चायनीज तैपेईवर २६-२५, केवळ एका गुणाने! इराणच्या मुली त्या वेळी उपांत्य सामन्यातच थांबल्या होत्या. जकार्तानंतर शैलजाताई मायदेशी परतल्या होत्या.

आपल्या तालुक्यातील मुली शालेय कबड्डी खेळतात. पुढे पोलीस भरती किंवा रेल्वेची नोकरी, येथवर पालकांचा विचार जातो, आणि तो चुकीचा नाही. पण पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचे शिक्षण मिळते आणि मुलीही ते घेऊ शकतात, हे किती घरांत माहीत आहे? महिलांचे कबड्डीचे मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असते. एवढी जागा येथल्या कोणत्याही शाळेच्या पटांगणात निघेल. त्या रेषा आखायला उभी राहणारी बाई आपल्याच गावची असावी, अशी मागणी या मेळाव्यातून शाळांकडे जावी, एवढेच मागणे आहे.