आधी क्रियापद शोध



या बक्षीस समारंभाच्या निमंत्रणात लिहिलंय, 'संशोधनासाठी लॅटिन कसं वाचावं यावर मार्गदर्शन करावं.' करतो. पण आधी याच कॉलेजातल्या, जिन्यालगतच्या एका वर्गाबद्दल बोलू द्या. एफ.वाय.ला तिथे संस्कृतचा तास असायचा. मी श्लोक दिसला की अंदाजाने अर्थ ठोकून द्यायचो. बाई शांतपणे खडू माझ्या हातात द्यायच्या. "अर्थ राहू दे. आधी क्रियापद शोध." फळ्यावर पूर्ण अन्वय लागेपर्यंत जागेवर जायची सोय नव्हती. बाई आज पहिल्या रांगेत बसल्यात. हसताहेत. बाई, अजून चुकतं हो!

पुढे संशोधनात 'होर्तुस मालाबारिकुस' समोर आलं. मलबारच्या वनस्पतींवरचे बारा खंड, १६७८ ते १६९३ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेले, लॅटिनमध्ये. पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट या कोकणी वैद्यांचं नागरी अक्षरांतलं प्रशस्तिपत्र आहे. तेवढीच अक्षरं मला लागली. माहिती आपल्याकडच्या वैद्यांची, आणि ती मला वाचता येईना! त्या दिवशी लॅटिनचं व्याकरण विकत आणलं.

तेव्हा बाई आठवल्या. लॅटिनमध्येही क्रियापद बहुधा शेवटी, विभक्ती प्रत्ययात, शब्दांची जागा सैल. दन्ताला 'देन्स', अग्नीला 'इग्निस', सप्ताला 'सेप्तेम'. 'क्रिस्तपुराण' लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सना हे साम्य १५८३ मध्येच जाणवलं होतं. गोव्याहून भावाला लिहिलेल्या लॅटिन पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं म्हटलंय. म्हणजे संस्कृत शिकलेल्या पोरांनी लॅटिनला घाबरायचं कारण नाही.

माझं सांगणं एकच. रोज दहा ओळी, मोठ्याने, आणि भाषांतर मिटून. अकरावी ओळ नको! बायबलपासून सुरुवात करा. त्याचं लॅटिन सोपं, गोष्ट ओळखीची, अडलात तर मराठी बायबल आहेच. पण ते दहा ओळी झाल्यावर उघडायचं. हस्तलिखितांतली संक्षिप्त रूपं नंतर बघू. मोडीतली 'छ'सारखी संक्षिप्त रूपं ज्यांनी सोडवलीत त्यांना ती जड जाणार नाहीत.

घाई केली की काय होतं, सांगतो. एका जुन्या वनस्पतियादीत मला 'पोपुलुस आल्बा' दिसलं. पोपुलुस म्हणजे लोक, आल्बा म्हणजे पांढरा. मी वहीत लिहिलं, 'गोरे लोक', आणि त्यावर वसाहतवादाबद्दल दीड पान खरडलं. ते पॉपलरचं झाड निघालं! लोक या अर्थी तो शब्द पुल्लिंगी, विशेषण 'आल्बुस' झालं असतं. 'आल्बा' स्त्रीलिंगी आहे, हे माझ्या डोळ्यांसमोर असून मी बघितलं नव्हतं.

मागच्या रांगेत मोबाईलचा उजेड दिसतोय. दहा ओळी, बाळा, रोज! कबड्डीच्या मुलींना हे समजावायला नको, त्या पहाटे साडेपाचला मैदानावर असतात म्हणे. प्राचार्य घड्याळ बघताहेत. आम्ही एकाच बाकावर बसायचो, हे तेव्हाही तास संपायची वाट बघायचे. तेव्हा बक्षिसं सुरू करूया.

ग्रंथालयासाठी माझा जुना लॅटिन कोश आणलाय. 'पोपुलुस'च्या पानावर पेन्सिलची खूण आहे. तेवढी पुसू नका.