यादीत आपलं नाव आहे का?

(येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी इथं बचत गटांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



आजची बैठक यात्रेच्या बोलण्यावरून ठरली. इथल्या गटांतल्या काही जणी मिळून नेपाळला, पशुपतिनाथाला जायचं म्हणतायत. महिन्याला थोडे थोडे पैसे बाजूला टाकतायत, घरच्यांची समजूत घालतायत. मला याचा आनंदच आहे. चूल, शेत आणि ऊसतोड यांतच जिचं आयुष्य गेलं, ती बाई स्वतःच्या पैशानं देशाची सीमा ओलांडते, ही साधी गोष्ट नाही. तेव्हा आज जे बोलणार आहे ते तुम्हाला घाबरवायला नाही. तुम्ही जाव्यात आणि नीट परत याव्यात, म्हणून बोलतेय.

२३ ऑगस्ट २०२४. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव-भुसावळ भागातले यात्रेकरू नेपाळमध्ये होते. बाया होत्या, जोडपी होती, आपल्यासारखीच माणसं. पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना तनहुं जिल्ह्यात त्यांची बस रस्ता सोडून मर्स्यांगदी नदीत कोसळली. २७ माणसं गेली. जखमींना नेपाळी सैन्याच्या हेलिकॉप्टरनं काठमांडूच्या रुग्णालयात नेलं. काठमांडूतल्या भारतीय दूतावासानं मदतीसाठी फोन नंबर जाहीर केला. दुसऱ्याच दिवशी हवाई दलाचं विमान २५ मृतदेह घेऊन नाशिकला उतरलं.

हे सांगितलं तेव्हा मघाशी एका मावशीनं विचारलं, "ताई, दूतावास म्हंजे कचेरीच ना? तिथं आपलं कोण ऐकतंय?" प्रश्न बरोबर आहे. तहसीलमध्ये एका दाखल्यासाठी चार खेटे घालणाऱ्या बाईला असंच वाटणार.

दूतावास म्हणजे परक्या देशातली आपल्या सरकारची कचेरी. नेपाळमध्ये ती काठमांडूला आहे, आणि सीमेजवळ बीरगंजला वाणिज्य दूतावास आहे. संकटातल्या आपल्या नागरिकाला मदत करणं हे तिचं कामच आहे. १९६३ च्या व्हिएन्ना करारात ते लिहिलेलं आहे. हा उपकार नाही. सरकारनं मनावर घेतलं तर किती करता येतं, हेही आपण पाहिलंय. १९९० साली इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेव्हा एक लाखाहून जास्त भारतीय माणसं अम्मानमार्गे विमानानं परत आणली होती.

पण वरणगावच्या माणसांपर्यंत मदत लवकर पोचली, त्यामागं आणखी काही कारणं होती असं मला वाटतं. गट मोठा होता. बरोबरच्या दुसऱ्या बसमध्ये त्यांना ओळखणारी माणसं होती. त्या भागाच्या खासदार केंद्रात मंत्री होत्या आणि त्या स्वतः नेपाळला गेल्या. आता समजा, एखादी विधवा बाई एकटीच एखाद्या यात्रेच्या गाडीत बसली. अपघात झाला, ती बेशुद्ध आहे. ती कोण, कुठली, कुणाला कळवायचं, हे दूतावासाला सांगणार कोण?

खरा प्रश्न इथं आहे. दूतावास नावानं माणूस शोधतो. आणि आपलं नाव कुठं असतं?

ऊसतोडीला जाणाऱ्यांना 'कोयता' माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात, मुकादमाच्या वहीत नाव नवऱ्याचं. राबणारे हात चार, पण हिशोबात माणूस एक. यात्रेच्या याद्यांचंही तसंच. एका यात्रावाल्याची यादी मी पाहिली होती. पुरुषांची नावं पूर्ण, आणि त्यांच्या पुढं 'अधिक १'. तो अधिक एक म्हणजे एक जिवंत बाई होती! त्यातून माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं, मतदार ओळखपत्रावर तिसरंच. गाव ओळखतं ते 'अमक्याची आई' म्हणून. घरी आपण हे चालवून घेतो. परक्या देशातल्या इस्पितळात ते चालत नाही.

आता दूतावास काय करू शकतो ते सांगते. इस्पितळात, तुरुंगात, पोलीस ठाण्यात असलेल्या आपल्या माणसाची चौकशी करतो. घरी कळवतो. कागद हरवले तर परतीच्या एका प्रवासापुरतं प्रमाणपत्र देतो. मृतदेह परत पाठवायला लागणारे कागद देतो. अगदीच गरज असेल तर भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. तो २००९ साली सुरू झाला. त्यातून तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, परतीचं तिकीट, मृतदेह आणण्याचा खर्च यांसाठी मदत मिळू शकते. पण ती ज्याची ऐपत नाही त्यालाच, आणि परिस्थिती बघून. ती आपोआप मिळत नाही, मागावी लागते. २०२० साली करोनात अडकलेल्यांना विमानानं आणलं, तेव्हा तिकिटाचे पैसे प्रवाशांनाच भरावे लागले होते. तेव्हा सरकार सगळं बघेल, असं धरून निघू नका.

अपघातानंतरची दुसरी लढाई घरी आल्यावर सुरू होते, आणि ती बहुधा बाईलाच लढावी लागते. नवरा परदेशात गेला, तर तिथला मृत्यूचा दाखला, पोलिसांचा अहवाल, शवविच्छेदनाचा अहवाल हे सगळं लागतं. त्याशिवाय विमा नाही, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव नाही. हे कागद दिराच्या किंवा सासऱ्याच्या हातात जातात. मदतीच्या रकमेचंही तेच होतं. माझ्या कामात मी अशा बाया पाहिल्यात, ज्यांना नवऱ्याच्या नावानं किती पैसे आले हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि देह सापडलाच नाही तर? १२ जुलै २०२४ ला नेपाळमध्येच दरड कोसळून दोन बस त्रिशुली नदीत वाहून गेल्या. त्यांत काही भारतीयही होते. कितीतरी जण सापडलेच नाहीत. अशा वेळी माणूस मेला असं कायदा साधारण सात वर्षांनी धरतो. सात वर्षं ती बाई ना सवाष्ण, ना विधवा. म्हणून ती व्यक्ती त्याच गाडीत होती याचा लेखी पुरावा असणं फार महत्त्वाचं आहे. आणि तो पुरावा म्हणजे पुन्हा तीच यादी.

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही.

गटाच्या वहीत एक पान यात्रेसाठी ठेवा. जाणाऱ्या प्रत्येकीचं पूर्ण नाव, ओळखपत्रावर आहे तसंच. माहेरचं नाव, वय, आजार, चालू गोळ्या, आणि घरच्या दोघांचे फोन नंबर. त्यातला एक नंबर तिला स्वतःला पाठ हवा. मोबाइल नदीत गेला तर नंबरही जातो. यात्रावाल्याकडून प्रवाशांची यादी मागून घ्या. तिच्यात 'अधिक १' असेल तर पैसे देऊ नका. यादीची एक प्रत गावात राहू द्या. दूतावासाचा नंबर निघण्याआधी काढून प्रत्येकीच्या पिशवीत कागदावर लिहून ठेवा.

नेपाळला मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबू नका. ज्यांना जमेल त्यांनी पासपोर्ट काढावा. त्यासाठी विवाहाचा दाखला लागत नाही. डिसेंबर २०१६ पासून नियम बदललेत. घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव देण्याची सक्ती नाही, आईवडिलांपैकी एकाचं नाव दिलं तरी चालतं. नवऱ्यानं टाकलेल्या कितीतरी बाया 'त्याची सही कुठून आणू' म्हणून अर्जच करत नाहीत. त्यांना हे जाऊन सांगा.

शेवटी एवढंच. बाहेरच्या सरकारी कचेरीनं आपल्याला माणूस म्हणून ओळखावं असं वाटत असेल, तर सुरुवात आपल्या गावातल्या वहीपासून करू. आत्ता बैठक संपायच्या आत ते पान उघडू. प्रत्येकीनं आपलं नाव आपल्या हातानं लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिच्या शेजारी बसून आपण लिहू, पण नाव तिनं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. अमक्याची बायको नाही, तमक्याची आई नाही. स्वतःचं नाव.