यंत्र-सोबत्याशीं बोलणें



आंबा घाट चढून कोल्हापुराकडे निघालें कीं वाटेंत मलकापूर लागतें. येथें भातही पिकतें, ऊसही. आणि पावसाळ्यांत या मुलखावर ढगांचें छत्र असतें. आजच्या विषयाशीं त्या ढगांचा निकट संबंध आहे.

उसासाठीं कृत्रिम बुद्धीचा प्रयोग बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्टच्या साह्यानें केला व २०२४ सालीं तो शेतकऱ्यांपुढें मांडला. उपग्रहाचीं चित्रें, जमिनींतील ओल मोजणारीं उपकरणें, हवामानाच्या नोंदी हें सर्व एकत्र करून यंत्र मोबाइलवर सांगतें, पाणी केव्हां द्यावें, खत किती घालावें. नांगर सल्ला देत नाहीं, हें देतें. म्हणून यास अवजार न म्हणतां सोबती म्हणावयाचें.

परंतु सोबती म्हटला कीं दोन्ही बाजूंनीं बोलणें आलें. पिकाचा रंग टिपणाऱ्या उपग्रहास ढगांआडचें शेत दिसत नाहीं. रडारच्या लहरी ढग भेदतात खऱ्या, पण पान हिरवें कीं पिवळें हें त्यांस कळत नाहीं. म्हणजे मलकापुराच्या शिवारांत ऐन पावसांत या सोबत्याचा एक डोळा मिटलेला. अशा वेळीं त्यानें जुन्या चित्राच्या आधारें ठाम स्वरांत सल्ला द्यावा, हा माझ्या मतें अक्षम्य दोष होय. 'चित्र बारा दिवसांपूर्वींचें आहे, खात्री कमी' एवढें तरी त्यानें प्रथम सांगावें.

शेतकऱ्याच्या बाजूसही उणें आहे. सल्ला पटला नाहीं तर तो वाद घालीत नाहीं, मुकाट्यानें दुर्लक्ष करतो. (घरांतील वडीलधाऱ्यांच्या उपदेशाचें आपण याहून निराळें काय करतों?) मात्र खालच्या वाफ्यांत पाणी तुंबलें आहे हें यंत्रास कोणी कळविलेंच नाहीं, तर उद्यांही तें तोच सल्ला देणार.

कोणी म्हणेल, बुद्धिबळांत यंत्रास माणसाची गरज उरली नाहीं, मग शेतींतच कां असावी? २००५ सालच्या एका स्पर्धेंत दोन हौशी खेळाडूंनीं तीन साध्या संगणकांच्या जोडीनें ग्रँडमास्टरांनाही मागें टाकलें होतें. पुढें यंत्रें एकटींच वरचढ झालीं, हें खरें. पण पटावरचीं चौसष्ट घरें यंत्रास सदैव लख्ख दिसतात. शेत तसें दिसत नाहीं.

म्हणून उत्तर देण्याची सोय गांवच्या बोलींत, तोंडी हवी. मातींत ओल आणि हवा योग्य प्रमाणांत असली म्हणजे शेतकरी 'वापसा आला' म्हणतो. 'अजून वापसा नाहीं' हे तीन शब्द ऐकून ज्या यंत्रास आपला सल्ला मागें घेतां येईल, तेंच यंत्र मलकापुरास न्यावें.