गाठ एक, नावे अनेक



क्षेत्रफळाने राज्यातल्या सर्वांत मोठ्या जिल्ह्यात स्वागत समितीच्या वतीने आपणा पॅथॉलॉजिस्ट मित्र-मैत्रिणींचे मनःपूर्वक स्वागत. स्वागताध्यक्षाने नेवासे, शिर्डी आणि भुईकोट किल्ल्याचे गोडवे गायचे असतात. ते काम स्मरणिकेवर सोपवून मी विषयाकडे वळतो.

मँटल सेल लिम्फोमा तसा विरळाच. टाटा मेमोरियलच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या 2773 लिम्फोमांच्या अभ्यासात तो 3.4 टक्के होता. 1974 मध्ये कीलच्या कार्ल लेनर्ट यांच्या वर्गीकरणात तो ‘सेंट्रोसायटिक’ होता. अमेरिकेत ‘इंटरमीडिएट लिम्फोसायटिक’. 1982 च्या वर्किंग फॉर्म्युलेशनमध्ये तर त्याला स्वतंत्र रकानाच नव्हता. 1984 मध्ये आपल्या लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हाही जगात या आजाराच्या एका नावावर एकमत नव्हते.

कोडे सुटले गुणसूत्रांमुळे. 11 आणि 14 क्रमांकाच्या गुणसूत्रांत तुकड्यांची अदलाबदल होते आणि सायक्लिन डी1 हे प्रथिन बेसुमार तयार होते. 1992 मध्ये युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मिळून आजचे नाव सुचवले. 1994 च्या ‘रिअल’ आणि 2001 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ते पक्के केले. पेशी लहान म्हणजे आजार संथ, हा समजही त्यात मोडला. पुढे मुख्यतः रक्तात आणि प्लीहेत दिसणारा, खरोखर संथ चालणारा प्रकारही वेगळा काढावा लागला. नाव बदलले की उपचार बदलतो, म्हणून हा खटाटोप.

आज सीडी5 पॉझिटिव्ह, सीडी23 बहुधा निगेटिव्ह आणि सायक्लिन डी1 ने तपकिरी झालेली केंद्रके दिसली की निदान हाती येते. पण तो रंग नीट फिक्स झालेल्या ऊतीवरच भरवशाने उमटतो. गाठ रात्रभर सलाइनमध्ये राहिली, किंवा न कापता चिमूटभर फॉर्मालिनमध्ये कोंबली, तर महागडा मार्करही दगा देतो. वर्गीकरणाची पहिली पायरी तालुक्याच्या ऑपरेशन थिएटरमध्येच असते.

म्हणून यजमान या नात्याने एक मागणे मागतो. गाठ कशी काढावी, कशात ठेवावी आणि ब्लॉक कुठे पाठवावा, हे सांगणारे एक पान या परिषदेने तयार करावे. कोपरगावपासून जामखेडपर्यंत प्रत्येक सर्जनच्या हाती ते पोचवण्याची जबाबदारी स्वागत समिती घेते.